उताराच्या टोकाची गल्ली

४ जानेवारी

ती. वन्संना,
सप्रेम नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुमचे बंधूच म्हणाले, "तुम्ही दोघी फोनवर बोलायला लागलात की भांडण पूर्ण होतं आणि मुद्दा राहून जातो. त्यापेक्षा कागदावर भांडा." तेव्हा हा कागद. तुमचा गुडघा आता कसा आहे? लेकीकडे नीट आराम करताय की तिथल्याही गल्लीतले खड्डे मोजत फिरताय?

तर, ज्या सभागृहात तुम्ही तीन वेळा अध्यक्ष होतात, तिथे परवा मी पहिल्यांदा बसले. लाँड्रीतल्या वाफेची सवय असल्यामुळे तिथला एसी मला बाधला. नाक गळत होतं आणि मी उभी राहून विचारत होते, "खालच्या गल्लीचा पंप यंदाच्या अंदाजपत्रकात कुठे आहे?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी लग्नघरात जाऊन नवरदेव कुठे आहे ते विचारलं.

उत्तर मिळालं ते असं. निधी जेवढा येईल तेवढा सगळ्या प्रभागांना सारखा वाटायचा, ही इथली जुनी रीत आहे. ताईंनी घालून दिलेली. ताई म्हणजे तुम्ही. प्रत्येकाच्या वाट्याला येतो तेवढ्यात पंप काय, पंपाचं झाकणही येत नाही. मग सगळे काय करतात, तर बाकडी बसवतात. वन्सं, आपल्या शहरात आता बसणाऱ्यांपेक्षा बाकडी जास्त झाली आहेत. स्मशानाच्या रस्त्याला अकरा आहेत. तिथे कोण निवांत बसणार आहे?

मी मात्र सोडणार नाहीये. या वर्षी सगळ्यांनी आपापला वाटा एकत्र करायचा आणि एकच काम धड करायचं, असा ठराव फेब्रुवारीच्या सभेत आणतेय. पावसाळ्यात अख्ख्या शहराचं सांडपाणी आमच्या न्हाणीघरातून उलटं वर येतं, तेव्हा पहिलं काम आमचं. पंप मंजूर झाला नाही तर राजीनामा देईन, असं प्रचारात सांगून बसलेय. तुमचे बंधू म्हणतात, जीभ जरा कमी चालवायची होती. पण मला खात्री आहे. फक्त तुमचा आशीर्वाद हवा.

तुमची,
ठिणगी

(लग्नात तुम्हीच ठेवलेलं नाव. आता मतदारयादी सोडून सगळीकडे तेच चालतं.)


११ जानेवारी

नगरसेविका ठिणगीबाईंना,
अनेक आशीर्वाद.

गुडघा उत्तम आहे. जावई मला जिना चढू देत नाहीत, म्हणून ते ऑफिसला गेले की चढते.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग रागावले. हसले ते लग्नघरावर. रागावले ते समान वाटपावर तू जे तोंडसुख घेतलंयस त्यावर. ती रीत मी काही झोपेत काढली नव्हती. मी पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत खुर्च्या उडाल्या होत्या. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या प्रभागात रस्ता. अंदाजपत्रक मंजूर होईना, सफाई कामगारांचे पगार थांबले, पंधरा दिवस कचरा उचलला गेला नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच ढीग होता, माझ्या भावाला विचार.

मी अध्यक्ष झाले आणि पहिल्याच सभेत सांगितलं, सगळ्यांना सारखं, कमी नाही आणि जास्त नाही. त्यानंतर त्या सभागृहात एक खुर्ची मोडली असेल तर मला दाखव. बाकड्यांना तू हसतेस, पण ज्या बाईला कधी काही मिळालं नव्हतं तिच्या दारात पालिकेची पहिली वस्तू म्हणून बाकडं आलं, तेव्हा ती माझा हात धरून रडली होती.

सारखं वाटण्याची सवय मोडलीस की पुन्हा ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य येईल. आज तुझा आवाज मोठा आहे म्हणून तुला बरं वाटतंय. आमचे उपाध्यक्ष फरशीवाले यांचा तुझ्यापेक्षा मोठा आहे, आणि ती सगळी बाकडी त्यांच्याच कारखान्यातून जातात, हे लक्षात ठेव.

तेव्हा आशीर्वाद तुला आहे, ठरावाला नाही. सर्दीला आल्याचा काढा घे.

तुझी वन्सं


२५ जानेवारी

ती. वन्संना,
नमस्कार.

काढा घेतला. आवाज मोकळा झाला, त्यामुळे फरशीवाल्यांचं काही खरं नाही.

तुमचं म्हणणं पटलं नाही, पण तुमच्या वेळचं ते कचऱ्याचं प्रकरण वाचून ठराव बाजूला मात्र ठेवला. दोन दिवस. मग गल्लीत पाहणी करायला पालिकेचे इंजिनिअर आले. आमच्या न्हाणीघरात उभे राहून ते म्हणाले, शहराच्या उताराचं टोक म्हणजे ही मोरी. इथे पंप बसेपर्यंत वर कुठेही नवं गटार टाकलं तरी त्याचं पाणी इथेच येऊन उभं राहणार. म्हणजे बघा, मी काही फक्त माझ्या दारासाठी ओरडत नाहीये. वरच्यांचंही काम आमच्या मोरीत अडकलंय.

हीच गोष्ट मी घरोघर जाऊन सदस्यांना सांगितली. प्रत्येकाच्या घरी चहा झाला. ॲसिडिटीने जीव जायची वेळ आली, पण गणित बघा. अध्यक्ष डॉक्टर सोडून आम्ही सतरा. त्यातले नऊ माझ्या बाजूला आहेत! बेकरीवाले, गॅरेजवाले आणि बालवाडीच्या बाई हे तिघं तर कट्टर बाकडीवाले होते, तेही आले. कसं जमवलं ते विचारू नका. आमच्या धंद्यात म्हणतो तसं, कापड ओळखून गरम करावं लागतं.

तुमचे बंधू आता मला घाबरून "मॅडम" म्हणतात. फ्रिज विटांवरून खाली उतरवायचा का, असं विचारत होते. मी म्हटलं, सभा होऊ द्या, मग कायमचाच उतरवू.

तुमची,
ठिणगी


२९ जानेवारी

ठिणगे,

कसं जमवलंस ते मी विचारलं नाही. मला न विचारताच कळलं.

सोमवारी बेकरीवाल्यांचा फोन. आनंदात होते. म्हणाले, "ताई, तुमची भावजय गुणी आहे. पुढच्या वर्षीचा सगळा निधी आमच्या प्रभागाला, असा शब्द दिलाय तिने." मी म्हटलं, छान. मंगळवारी बालवाडीच्या बाईंचा फोन. त्यांनाही पुढचं वर्ष. संध्याकाळी गॅरेजवाले. त्यांना तर तू म्हणे टेबलावर हात आपटून पुढचं वर्ष दिलंस.

अगं, पुढचं वर्ष एकच असतं! एक शर्ट तिघांना इस्त्री करून दिलास तर घालायला कोण काय नेणार?

तिघांनाही मी काही बोलले नाही. मी अध्यक्ष नाही, आणि तुझी चुगलखोर तर नाहीच नाही. पण हे तिघं सभेच्या आधी चहाला एका टेबलाशी येतील आणि तिथे तुझा पंप बुडेल. फरशीवाल्यांना काही करावंही लागणार नाही, नुसतं बिस्किट बुडवत बसले तरी पुरे.

त्यांना तू स्वतः सांग. एकेकाला नाही, तिघांना एकत्र बसवून. शिव्या खाव्या लागतील, त्या खा.

तुझी वन्सं


८ फेब्रुवारी

ती. वन्संना,

खाल्ल्या. पोट भरलं.

तिघांना बेकरीच्या मागच्या खोलीत बसवलं. पिठाच्या पोत्यांवर. सांगून टाकलं की घाईत मी एकच वर्ष तिघांना दिलं. बेकरीवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे मुलं एका झोपाळ्यासाठी अशीच करतात. आपण रांग लावतो." आणि त्यांनीच मार्ग काढला. खालून वर जायचं. या वर्षी उताराचं टोक, पुढच्या वर्षी त्याच्या वरचा प्रभाग, मग त्याच्या वरचा, आणि टेकडीचा प्रभाग सगळ्यांत शेवटी. पाणी ज्या रस्त्याने येतं त्याच रस्त्याने कामाने उलटं चढायचं. ठरावातच क्रम लिहून टाकायचा. म्हणजे कुणाचा आवाज मोठा आहे हा प्रश्नच येत नाही. तुमचं भय होतं ना तेच? ते मी लिहिताना डोक्यात ठेवलं होतं.

बेकरीवाले दुसरे, बालवाडीच्या बाई तिसऱ्या. दोघांनी मान्य केलं. गॅरेजवाल्यांचा नंबर पाचवा लागतो. ते पोत्यावरून उठले, पँटवरचं पीठ झटकलं आणि म्हणाले, "वहिनी, शब्द तुम्ही दिला होता, रांगेने नव्हे." ते गेले ते गेलेच. त्यांच्यावर रागावताही येत नाही, हे सगळ्यांत वाईट.

आता आम्ही आठ, समोर नऊ. अध्यक्षांना मत फक्त बरोबरी झाली तरच. म्हणजे मला कुठून तरी एक माणूस फोडायचाय. फोडेन.

टेकडीचा प्रभाग शेवटी ठेवला, म्हणजे तुमचं सासरचं घर आणि तुमचे जुने मतदार. पण पाणी वर चढत नाही त्याला मी काय करू?

तुमची,
ठिणगी


१७ फेब्रुवारी

वन्सं,

आज नमस्कार नाही.

काल मी डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात गेले होते. दाढ दुखत नव्हती, पण अध्यक्षांना एकटं गाठायचं तर ते फक्त तिथल्या खुर्चीपाशीच सापडतात. म्हणजे मी त्यांच्या खुर्चीत आणि ते माझ्या तोंडात. मी विषय काढणार तेवढ्यात त्यांनी माझ्या दोन्ही गालांत कापूस कोंबला आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर तुमचं नाव.

"हो ताई. हो ताई. तुम्ही म्हणाल तसं. नाही नाही, तिला कळू देणार नाही." असं ते माझ्या डोक्यावर उभं राहून बोलत होते आणि मी आ वासून पडले होते! फोन ठेवला आणि म्हणाले, "दाढ चांगली आहे." पैसेही घेतले नाहीत.

डॉक्टर आजवर तुमच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, हे अख्ख्या शहराला माहीत आहे. आता बरोबरी झाली तरी ते समान वाटपालाच मत देणार, हे मला कळलं. मला आशीर्वाद द्यायचा आणि मागून दोरी ओढायची! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आणि आता निघालंच आहे तर सगळं लिहिते. तीन वेळा तुम्ही त्या खुर्चीत होतात. स्वतःच्या माहेरच्या गल्लीला तुम्ही हात लावला नाहीत. का, तर लोक म्हणतील की बाईने भावाचं घर बघितलं. लोक काही म्हणाले नाहीत, वन्सं. पण तुमची आई शेवटच्या पावसाळ्यात पलंगावर पाय वर घेऊन बसून राहायची, खाली पाणी असायचं. तिनेही कधी काही म्हटलं नाही. तुमच्या नियमाला ते शोभलं नसतं ना.

समान वाटप म्हणे. ज्याच्या घरात पाणी त्यालाही बाकडं आणि ज्याच्या घरात ऊन त्यालाही बाकडं.

ठिणगी


२१ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

डॉक्टरांशी मी बोलले हे खरं आहे. काय बोलले ते सांगणार नाही. तू विचारूही नकोस.

सभेला वेळेवर जा. भाषण लिहून नेऊ नकोस, तू वाचून बोललीस की हेडमास्तरीण वाटतेस. न्हाणीघराचं सांग. पंपाच्या क्षमतेचे आकडे इंजिनिअरला सांगू दे. फरशीवाले मध्ये बोलले तर थांब, त्यांना पूर्ण बोलू दे, आणि राजीनाम्याचा विषय अजिबात काढू नकोस. धमकी दिलेल्याला कुणी मत देत नाही.

आईबद्दल लिहिलंस ते बरं केलंस.

वन्सं


२७ फेब्रुवारी

माझ्या प्रिय वन्संना,
साष्टांग नमस्कार. खरोखरचा. फरशीवर आडवी होऊन घातलाय, तुमचे बंधू साक्षीला आहेत.

तुम्हाला बातमी कळली असेलच, पण मी सांगितल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही.

मी न्हाणीघराचंच बोलले. कागद नेला नव्हता. सकाळी उठून मोरीवरची फरशी वर आली आहे का ते पाहायचं आणि मग चूल पेटवायची, असे महिने कसे जातात ते सांगितलं. फरशीवाले मध्ये उठले आणि बाकड्यांमुळे ज्येष्ठ नागरिकांना केवढा विसावा मिळतो यावर बोलले. मी थांबले. ते बोलतच राहिले. सगळे जांभया द्यायला लागले तरी मी थांबले. राजीनाम्याचं ओठावर आलं होतं, ते गिळलं. मतदानाला टाकायची वेळ आली. आठ विरुद्ध नऊ, मला माहीत होतं.

तेवढ्यात डॉक्टर खुर्चीतून उठले. म्हणाले, "मला या ठरावावर सदस्य म्हणून बोलायचंय. अध्यक्षाच्या खुर्चीत बसून बाजू घेता येत नाही. उपाध्यक्षांनी तेवढा वेळ खुर्ची सांभाळावी." फरशीवाल्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता! गेली कित्येक वर्षं ज्या खुर्चीकडे ते डोळे लावून बसलेत ती अशी आयती मिळाली. कोट सारखा करत जाऊन बसले, घंटा एकदा उगाच वाजवून पाहिली.

डॉक्टर सदस्यांच्या रांगेत माझ्या मागे येऊन बसले. एवढंच बोलले, "किडलेला दात सोडून बाकीच्या एकतीस दातांना सारखं पॉलिश करणारा डॉक्टर तुम्ही ठेवाल का? मी ठरावाच्या बाजूने आहे." आणि बसले.

मतदान. हात वर. आमचे आठ आणि डॉक्टर नववे. मग विरोधात हात वर, आणि फरशीवाल्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांत आधी हात वर केला. सचिव हळूच म्हणाले, "साहेब, खुर्चीत असताना मत देता येत नाही. बरोबरी झाली तरच." फरशीवाल्यांचा हात तसाच हवेत. खाली घ्यायलाही विसरले. विरोधात आठच. ठराव मंजूर, आणि तो जाहीर करायचं काम खुर्चीवाल्याचं, म्हणजे त्यांचंच! त्यांनी तो असा वाचला, जसं काही त्यांच्याच दाढेला कुणी हात घातलाय.

मी सभागृहातच रडले. गॅरेजवाले शेजारून गेले आणि म्हणाले, "पाचवा नंबर विसरू नका म्हणजे झालं." मी त्यांचे दोन्ही हात धरले.

बाहेर आल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मला एवढं डोकं नाही, वहिनी. ज्यांना आहे त्यांना विचारा."

वन्सं, मी तुम्हाला काय काय लिहिलं! आईंचंही लिहिलं. ते शब्द परत घ्यायला मला तोंड नाही. पण एक कळत नाही. नियम तुमचा होता. त्याच्यावर तुमचं नाव होतं. टेकडी सगळ्यांत शेवटी गेली. मग तुम्ही हे का केलंत?

तुमचीच,
ठिणगी


६ मार्च

माझ्या ठिणगीस,
आशीर्वाद.

परवा फरशीवाल्यांचा फोन आला होता. एवढं ओरडले की मी फोन लांब टेबलावर ठेवून भाजी निवडून घेतली. मग म्हटलं, "खुर्ची कशी वाटली?" त्यावर म्हणाले, "मऊ आहे." माणूस वाईट नाही. त्यांना सांभाळून घे, पाइप त्यांच्याच गोदामासमोरून जाणार आहे. गॅरेजवाल्यांना तर त्याहून जास्त सांभाळ. त्यांचं तू खरोखर देणं लागतेस.

डॉक्टरांना मी फोन केला तो तुझं पिठाच्या पोत्यांवरचं पत्र आल्यावर. खालून वर जायचा क्रम ठरावात लिहिलास ना, तिथे माझी भीती संपली. आवाजावर काही ठरणार नसेल तर समान वाटप हवंय कशाला? मला ते मोठ्या आवाजाला आवरायला लागलं होतं. ते काम तुम्ही तिघांनी पोत्यावर बसून माझ्यापेक्षा चांगलं केलंत. नियम माझा होता, म्हणून तो मोडायला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये असं वाटलं. राहिलं खुर्चीचं. खुर्चीत बसलं की मत जातं, हे मी तीन वेळा बसून सोसलंय. ते फरशीवाल्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. तुझा चेहरा म्हणजे नोटीस बोर्ड आहे.

तुझं ते नमस्कार नसलेलं पत्र आलं तेव्हा डॉक्टरांशी सगळं ठरून गेलं होतं. तेव्हा ते शब्द परत घेऊ नकोस, त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. मला फार लागलं, हे मात्र सांगते. मी अध्यक्ष होते तेवढी वर्षं सगळे "ताई म्हणतील तसं" म्हणत राहिले. माझ्याशी कुणी भांडलंच नाही. एकीने जरी तुझ्यासारखं तोंडावर विचारलं असतं तर हा पंप आईला दिसला असता.

इंजिनिअरला मी विचारलं. पंप बसायला वर्ष जाईल. म्हणजे या पावसाळ्यात पाणी घरात येणारच. लग्न होऊन गेल्यापासून पावसाळ्यात मी माहेरी एक रात्र राहिलेली नाही. तुम्ही कधी बोलावलं नाहीत, आणि का बोलावत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. अध्यक्ष म्हणून यायचे, गमबूट घालून. गल्लीच्या तोंडाशी उभी राहायचे आणि तिथूनच परत फिरायचे.

या वेळी बोलावण्याची वाट बघणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅग घेऊन येतेय, चांगली दोन महिने राहणार. गुडघा वाकतो आता. आईच्या पलंगावर मी झोपेन. पाणी वर आलं की तू मला हाक मार, आपण दोघी मिळून काढू.

तुझी वन्सं